४० सेकंदांत रॉकेटचा चुराडा झाला, कारण एक आकडा डब्यात मावला नाही : 'फ्लोटिंग-पॉइंट एक्सेप्शन' म्हणजे नेमकं काय?

तारीख ४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामध्ये कुरू नावाचं ठिकाण आहे. तिथल्या तळावरून युरोपचं नवंकोरं रॉकेट 'एरियान ५' पहिल्यांदाच झेपावलं. पोटात होते युरोपियन स्पेस एजन्सीचे चार 'क्लस्टर' उपग्रह.

उड्डाणाचा क्रम सुरू होऊन जेमतेम ४० सेकंद झाले होते. रॉकेट साधारण ३,७०० मीटर उंचीवर होतं. आणि अचानक ते वाकडं झालं, तुटलं आणि फुटलं.

हवामान ठीक होतं. तोपर्यंत इंजिनंही व्यवस्थित चालली होती. मग बिघडलं काय? तर रॉकेटमधल्या कॉम्प्युटरने एक मोठा दशांश आकडा एका छोट्या डब्यात कोंबायचा प्रयत्न केला. तो मावला नाही. कॉम्प्युटरने 'गणित चुकलंय' अशी हाक दिली. आणि त्या हाकेचं पुढे काय करायचं, याचं ठरवून ठेवलेलं उत्तर चुकीचं होतं.

या हाकेला प्रोसेसरच्या भाषेत म्हणतात एक्सेप्शन. आणि ती हाक आल्यावर काय करायचं, आकडे कुठल्या बाजूला गोल करायचे, या सगळ्या सेटिंगला मिळून म्हणतात फ्लोटिंग-पॉइंट एन्व्हायर्न्मेंट. नाव जड आहे, पण विषय तितका अवघड नाही. आणि तुमच्या हातातल्या मोबाइलमध्येही ही सेटिंग आत्ता या क्षणी चालू आहे.

आधी बेसिक : कॉम्प्युटर दशांश आकडे ठेवतो कसा?

अकरावीच्या केमिस्ट्रीत अवोगाड्रोची संख्या असते. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. अख्खा आकडा लिहायचा तर पुढे ढीगभर शून्यं लागतील. म्हणून आपण दोनच गोष्टी लिहितो : महत्त्वाचे अंक आणि घात. दशांश चिन्ह कुठे आहे ते घातावरून कळतं, म्हणजे ते चिन्ह इकडून तिकडे 'तरंगतं'. यावरूनच नाव पडलं फ्लोटिंग-पॉइंट.

कॉम्प्युटर हेच बायनरीत करतो. सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्रकार ६४ बिटांचा असतो, प्रोग्रामर त्याला 'डबल' म्हणतात. त्यात १ बिट धन की ऋण यासाठी, ११ बिट घातासाठी आणि ५२ बिट अंकांसाठी. एवढ्या जागेत साधारण १५ ते १६ अंकांची अचूकता मिळते आणि १० च्या ३०८ व्या घातापर्यंतचे आकडे बसतात.

पण जागा ठरलेली आहे म्हटल्यावर सगळं काही बसणार नाही, हे उघड आहे. साधं ०.१ सुद्धा बायनरीत नेमकं लिहिता येत नाही, जसं दशांशात १ भागिले ३ नेमकं लिहिता येत नाही. म्हणूनच ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ०.१ + ०.२ टाइप केलं तर उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. यावर मीम्स भरपूर आहेत. पण ही चूक नाही, ही तडजोड आहे. आणि ही तडजोड सगळ्या जगाने मिळून एका नियमात बसवलेली आहे.

तो नियम कोणी बनवला?

१९७० च्या दशकात प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर आपापल्या पद्धतीने गणित करायचा. एका मशीनवर बरोबर चालणारा प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर वेगळंच उत्तर द्यायचा. कुठे शून्याने भागलं की मशीन थांबायचं, कुठे भलताच आकडा यायचा.

कॅलिफोर्निया विद्यापीठातले (बर्कली) गणितज्ञ विल्यम कहान यांनी यात लक्ष घातलं. इंटेलने १९८० मध्ये ८०८७ नावाची गणिताची वेगळी चिप आणली, तिच्या रचनेत कहान यांचा सल्ला होता. त्याच कामातून पुढे १९८५ मध्ये 'आयईईई ७५४' हे मानक आलं. २००८ आणि २०१९ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. कहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज लॅपटॉपपासून मोबाइलपर्यंतचे प्रोसेसर याच मानकाप्रमाणे गणित करतात.

या मानकाने एक महत्त्वाची गोष्ट केली. गणितात काय काय बिघडू शकतं, त्याची यादी केली. ती फक्त पाच गोष्टींची आहे.

गणित बिघडण्याचे पाच प्रकार

१. इनव्हॅलिड. ज्याला उत्तरच नाही असं गणित. शून्य भागिले शून्य, ऋण संख्येचं वर्गमूळ, अनंतातून अनंत वजा. उत्तर म्हणून 'नॅन' मिळतं, म्हणजे 'हा आकडाच नाही'. दशांश आकडा पूर्णांकात बदलताना तो मावला नाही तर तेही याच खात्यात जमा होतं. एरियानचं प्रकरण याच जातीचं.

२. शून्याने भागाकार. १ भागिले ०. उत्तर मिळतं 'इन्फिनिटी', म्हणजे अनंत.

३. ओव्हरफ्लो. उत्तर आहे, पण डब्यापेक्षा मोठं आहे. बहुतेक वेळा इथेही इन्फिनिटी मिळतं.

४. अंडरफ्लो. उत्तर इतकं लहान की शून्याला टेकलं. अशा वेळी अचूकता कमी करत करत आकडा शून्याकडे नेला जातो. या अधल्यामधल्या आकड्यांना 'सबनॉर्मल' म्हणतात.

५. इनएक्झॅक्ट. उत्तर नेमकं बसलं नाही म्हणून गोल करावं लागलं. ०.१ + ०.२ हे याचंच उदाहरण. हा प्रकार इतक्या वेळा घडतो की सहसा त्याकडे कोणी बघतही नाही.

इंटेल आणि एएमडीच्या एक्स-८६ चिपमध्ये यांच्या जोडीला सहावा प्रकारही असतो : गणितात सबनॉर्मल आकडा आला तर त्याची वेगळी नोंद.

दिवा लावायचा की एमसीबी पाडायचा?

आता खरा प्रश्न. यातलं काही घडलं तर प्रोसेसरने करायचं काय? मार्ग दोन आहेत.

पहिला मार्ग म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डवरचा 'चेक इंजिन' दिवा. दिवा लागतो, पण गाडी चालत राहते. प्रोसेसर ठरलेलं उत्तर, म्हणजे नॅन किंवा इन्फिनिटी, हातात देतो, एका कोपऱ्यात छोटा झेंडा वर करतो आणि पुढच्या गणिताला लागतो. या झेंड्याला 'फ्लॅग' म्हणतात. हा झेंडा चिकट असतो. एकदा वर गेला की पुढची हजार गणितं बरोबर आली तरी तो खाली येत नाही. कोणीतरी मुद्दाम खाली करावा लागतो. पण तो फक्त 'कधीतरी, कुठेतरी बिघडलं' एवढंच सांगतो. किती वेळा आणि कुठल्या ओळीत, ते सांगत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे घरातला एमसीबी. गडबड दिसली की खटका पडतो आणि काम तिथल्या तिथे थांबतं. प्रोसेसर चालू काम सोडून ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारतो. याला 'ट्रॅप' म्हणतात. लिनक्समध्ये अशा वेळी प्रोग्रामला 'सिगएफपीई' नावाचा सिग्नल जातो. प्रोग्रामने त्याची काही सोय केलेली नसेल तर प्रोग्राम बंद पडतो.

कुठल्या गडबडीला दिवा आणि कुठल्या गडबडीला एमसीबी, हे 'मास्क' नावाच्या बिटांनी ठरतं. मास्क लावला की खटका पडत नाही, फक्त दिवा लागतो. लिनक्स आणि विंडोजवर नेहमीचा प्रोग्राम सुरू होतो तेव्हा सगळे मास्क लावलेले असतात. म्हणजे मूळ सेटिंग 'चालू द्या' अशीच आहे.

हे ऐकायला बेजबाबदार वाटतं. पण त्यामागे विचार आहे. शाळेतलं उदाहरण घ्या. दोन रोध समांतर जोडले तर एकूण रोध काढायला १ भागिले (१ भागिले पहिला + १ भागिले दुसरा) असं सूत्र वापरतात. पहिला रोध शून्य असेल तर काय? १ भागिले ० म्हणजे इन्फिनिटी. इन्फिनिटीत दुसरं काहीही मिळवलं तरी इन्फिनिटी. आणि १ भागिले इन्फिनिटी म्हणजे ०. उत्तर शून्य आलं, आणि ते अगदी बरोबर आहे. मध्येच एमसीबी पडला असता तर हे बरोबर उत्तर मिळालंच नसतं.

या सेटिंग राहतात कुठे?

प्रोसेसरमध्ये रजिस्टर नावाच्या अगदी छोट्या जागा असतात. एक्स-८६ मध्ये या कामाचं मुख्य रजिस्टर आहे 'एमएक्ससीएसआर'. हे ३२ बिटांचं आहे, पण सगळी गंमत खालच्या १६ बिटांत आहे. ० ते ५ क्रमांकाचे सहा बिट म्हणजे सहा झेंडे. ७ ते १२ क्रमांकाचे सहा बिट म्हणजे त्यांचे मास्क. १३ आणि १४ हे दोन बिट सांगतात की आकडा कुठल्या बाजूला गोल करायचा. उरलेले ६ आणि १५ क्रमांकाचे बिट सबनॉर्मल आकड्यांना सरळ शून्य धरायचं की नाही ते ठरवतात.

याशिवाय ८०८७ च्या काळापासून चालत आलेलं एक जुनं युनिटही एक्स-८६ मध्ये अजून आहे. त्याची रजिस्टरं वेगळी. त्याची एक खोड म्हणजे ट्रॅप उशिरा येतो. गडबड एका गणितात होते आणि हाक पुढच्या फ्लोटिंग-पॉइंट सूचनेच्या वेळी ऐकू येते. त्यामुळे चूक शोधणारा माणूस भलत्याच ओळीकडे बघत बसतो.

एआरएमच्या ६४ बिटांच्या चिपमध्ये, म्हणजे बहुतेक मोबाइलमध्ये, सेटिंगसाठी 'एफपीसीआर' आणि झेंड्यांसाठी 'एफपीएसआर' अशी दोन रजिस्टरं आहेत. तिथे ट्रॅपची सोय देणं चिप बनवणाऱ्याच्या मर्जीवर आहे आणि अनेक चिपमध्ये ती नसते. रिस्क-व्ही या खुल्या रचनेत तर फ्लोटिंग-पॉइंटसाठी ट्रॅप ठेवलेलाच नाही, फक्त झेंडे आहेत. आयआयटी मद्रासचे 'शक्ती' आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे 'वेगा' प्रोसेसर याच रिस्क-व्हीवर बेतलेले आहेत. म्हणजे एका चिपवर खटक्याच्या भरवशावर लिहिलेला कोड दुसऱ्या चिपवर गुपचूप पुढे जाऊ शकतो.

गोल करण्यात एवढं काय आहे?

वर दोन बिटांचा उल्लेख आला. त्यातून चार पर्याय मिळतात : जवळच्या आकड्याकडे, शून्याकडे, वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला. मूळ सेटिंग 'जवळच्या आकड्याकडे' अशी असते. आकडा बरोबर मध्यावर आला तर तो समसंख्येकडे नेतात, म्हणजे प्रत्येक वेळी एकाच बाजूला झुकाव होत नाही.

हा झुकाव किती महागात पडतो हे कॅनडातल्या व्हँकुव्हर स्टॉक एक्स्चेंजने बघितलं. जानेवारी १९८२ मध्ये त्यांचा नवा निर्देशांक १,००० वर सुरू झाला. दिवसातून हजारो वेळा तो पुन्हा मोजला जायचा. दर वेळी तिसऱ्या दशांशानंतरचे अंक गोल करण्याऐवजी नुसते कापले जायचे. कापलेला तुकडा नगण्य होता, पण तो कायम एकाच बाजूचा होता. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक सुमारे ५२५ वर घसरलेला दिसत होता. नीट हिशोब केल्यावर खरा आकडा १,०९८ च्या वर निघाला. म्हणजे बाजार वाढला होता आणि पाटीवर तो निम्मा झालेला दिसत होता.

तिथे चूक प्रोग्रामच्या पद्धतीत होती. पण प्रोसेसरचे ते दोन बिट 'शून्याकडे' असे राहून गेले तर अशीच गळती प्रत्येक गणितात सुरू होते.

याच सेटिंगचा चांगला उपयोगही आहे. एकच गणित एकदा खालच्या बाजूला गोल करत करायचं आणि एकदा वरच्या बाजूला. प्रत्येक पायरीला ही काळजी घेतली की खरं उत्तर या दोघांच्या मध्ये आहे याची खात्री मिळते. याला 'इंटरव्हल अरिथमेटिक' म्हणतात.

आता पुन्हा एरियानकडे

अपघातानंतर फ्रेंच गणितज्ञ जाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमलं गेलं. जुलै १९९६ मध्ये अहवाल आला. त्यात जे समोर आलं ते असं.

रॉकेट कुठे आहे आणि कसं वळतंय हे सांगणारी एक यंत्रणा होती. ती जुन्या एरियान ४ मधून जवळपास तशीच उचलली होती. तिच्यात आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा ६४ बिटांच्या फ्लोटिंग-पॉइंटमध्ये होता. तो १६ बिटांच्या पूर्णांकात बदलला जायचा. या छोट्या डब्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतं. एरियान ४ च्या मार्गात हा आकडा कधी तेवढा व्हायचा नाही. एरियान ५ चा मार्ग वेगळा होता, त्याचा आडवा वेग सुरुवातीलाच बराच जास्त होता. आकडा डब्याबाहेर गेला.

असं होऊ शकतं हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं का? आलं होतं. असे सात आकडे धोक्याचे म्हणून ओळखले होते. त्यातल्या चारांना संरक्षण दिलं, तिघांना दिलं नाही. कारण कॉम्प्युटरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता, आणि ते तीन आकडे हाताबाहेर जाणार नाहीत असं मानलं गेलं होतं.

दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. ज्या कामासाठी हे गणित चालू होतं, त्याचा रॉकेट जमिनीवरून सुटल्यानंतर काही उपयोगच नव्हता. एरियान ४ च्या गरजेमुळे ते उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू राहायचं आणि तसंच एरियान ५ मध्ये आलं होतं.

आणि तिसरी गोष्ट, जी या सगळ्या लेखाचा गाभा आहे. एक्सेप्शन आलं तर काय करायचं हे ठरलेलं होतं : नोंद करा आणि प्रोसेसर बंद करा. विचार असा की बिघाड म्हणजे एखादा सुटा भाग अचानक खराब होणं. एक यंत्रणा बंद पडली तर शेजारची राखीव यंत्रणा काम सांभाळेल. पण राखीव यंत्रणेत सॉफ्टवेअर तेच होतं. ती ७२ मिलिसेकंद आधी त्याच कारणाने बंद पडली होती. मग मुख्य यंत्रणाही बंद पडली आणि जाता जाता तिने बिघाडाची माहिती पाठवली. रॉकेटच्या मुख्य कॉम्प्युटरने ती माहिती उड्डाणाचा खरा डेटा समजून वाचली आणि इंजिनांची तोंडं पूर्ण वळवली. रॉकेट हवेच्या दाबाने तुटू लागलं आणि मग स्वतःला नष्ट करणारी यंत्रणा सुरू झाली.

मंडळाने शिफारस केली की असल्या यंत्रणेने मध्येच माहिती देणं थांबवू नये, जमेल तेवढा चांगला अंदाज देत राहावा. क्लस्टरचे उपग्रह पुन्हा बनवले गेले आणि २००० मध्ये रशियन सोयुझ रॉकेटवरून अवकाशात गेले.

मग 'चालू द्या' हेच बरोबर का?

नाही. याची उलटी बाजूही आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये 'रोबोरेस' या ड्रायव्हर नसलेल्या गाड्यांच्या शर्यतीत एक गाडी सुरुवातीच्या रेषेवरून निघाली आणि लगेच वळून थेट भिंतीवर आदळली. तो व्हिडिओ जगभर फिरला. टीमने नंतर सांगितलं की स्टिअरिंगला जाणारा आदेश 'नॅन' झाला होता आणि स्टिअरिंग उजवीकडे टोकाला जाऊन अडकलं. गाडीत माणूस नव्हता म्हणून निभावलं.

नॅनचा स्वभाव समजला की हे कसं होतं ते कळतं. नॅनमध्ये काहीही मिळवलं की उत्तर नॅनच. एका सेन्सरमधून आलेला एक नॅन बघता बघता सगळ्या गणितात पसरतो. शिवाय नॅन कशाहीपेक्षा मोठा नाही, लहान नाही आणि स्वतःच्याही बरोबर नाही. म्हणजे 'तापमान १०० पेक्षा जास्त असेल तर बंद कर' अशी अट लिहिली आणि तापमान नॅन झालं, तर अट खोटी ठरते आणि मशीन सुखाने चालू राहतं.

एरियानमध्ये थांबायला नको होतं तिथे यंत्रणा थांबली. रोबोरेसमध्ये अडवायला हवं होतं तिथे नॅन थेट स्टिअरिंगपर्यंत पोचला. दोन्हीकडे प्रोसेसरने सांगितलं तेच केलं. प्रश्न होता तो 'गडबड झाली तर काय' याचा निर्णय कोणी आणि किती विचार करून घेतला याचा.

लो-लेव्हल कोडमध्ये हे हाताळतात कसं?

सी भाषेत १९९९ च्या मानकापासून यासाठी 'फेन्व्ह' नावाची हेडर फाइल आहे. तिच्यात झेंडे तपासणं, खाली करणं, गोल करण्याची दिशा बदलणं आणि अख्खं एन्व्हायर्न्मेंट साठवून परत लावणं यासाठी तयार फंक्शन आहेत. सगळ्यात खाली असेंब्लीत उतरायचं तर एमएक्ससीएसआर वाचायला एक सूचना आणि लिहायला दुसरी सूचना असते.

काळजीपूर्वक लिहिलेल्या कोडची पद्धत साधारण अशी असते :

- आधीची सेटिंग साठवून ठेवा. भाड्याच्या घरात शिरताना मीटरचा फोटो काढून ठेवतात, तसं.
- झेंडे खाली करा. नाहीतर आधीच्या कोणाच्या तरी चुकीचा झेंडा तुमच्या नावावर लागेल.
- गणित करा. मास्क लावलेले ठेवा, म्हणजे मध्येच थांबणार नाही.
- झेंडे तपासा. ओव्हरफ्लो किंवा इनव्हॅलिड दिसला तर दुसऱ्या, हळू पण सुरक्षित पद्धतीने तेच गणित पुन्हा करा.
- जुनी सेटिंग परत लावा. आणि तुमच्या गणितात खरोखर काही बिघडलं असेल तर तो झेंडा वर ठेवून द्या, म्हणजे ज्याने बोलावलं त्याला कळेल.

आकडा पूर्णांकात बदलताना मात्र नंतर झेंडा बघण्यापेक्षा आधीच तपासणं बरं. कारण न मावणाऱ्या आकड्याचं काय होईल यावर एकमत नाही. एक्स-८६ वर ३२ बिटांच्या डब्यात सगळ्यात लहान ऋण संख्या मिळते, म्हणजे उणे २,१४७,४८३,६४८. एआरएमवर डब्याच्या टोकाचा आकडा मिळतो. सी भाषेत तर असं झालं तर काय व्हावं याची व्याख्याच नाही.

सिगएफपीई पकडतानाही एक खाच आहे. एक्स-८६ वर सिग्नल हाताळून सरळ परत गेलं तर प्रोसेसर तीच बिघडलेली सूचना पुन्हा चालवतो, पुन्हा सिग्नल येतो आणि प्रोग्राम गोल गोल फिरत राहतो. आणि नावात फ्लोटिंग-पॉइंट असलं तरी लिनक्सवर एक्स-८६ चिप पूर्णांकाला शून्याने भागल्यावरही हाच सिग्नल देते. एआरएमवर मात्र तोच पूर्णांक भागाकार निमूटपणे ० देतो.

कंपायलर नावाचा तिसरा गडी

प्रोग्रामरने सगळं नीट लिहिलं तरी मध्ये कंपायलर असतो. त्याचं काम कोड वेगवान करणं. 'हे दोन आकडे आधीच माहीत आहेत, मीच भागाकार करून ठेवतो' असं तो म्हणतो, आणि मग चालताना भागाकार होतच नाही, झेंडाही लागत नाही. किंवा तो गणित उचलून झेंडा तपासण्याच्या ओळीच्या खाली नेऊन ठेवतो. म्हणून सी भाषेत 'इथे एन्व्हायर्न्मेंटला हात लावला जातोय' अशी सूचना कंपायलरला द्यायची सोय आहे. पण प्रत्येक कंपायलर ती पूर्ण पाळत नाही, त्यामुळे कंपायलरचे वेगळे पर्यायही बघावे लागतात.

सेटिंग एक, वापरणारे अनेक

शेवटची आणि सगळ्यात डोकेदुखीची गोष्ट. ही सेटिंग एका थ्रेडमध्ये चालणाऱ्या सगळ्या कोडची सामाईक असते. तुमचा कोड, त्यात जोडलेली लायब्ररी, त्या लायब्ररीची लायब्ररी, सगळ्यांचं रजिस्टर एकच. पंख्याचा रेग्युलेटर एक आणि खोलीत माणसं दहा, अशी गत.

मायक्रोसॉफ्टचं डायरेक्ट-थ्रीडी ९ याचं जुनं उदाहरण. ते सुरू झालं की जुन्या युनिटची अचूकता कमी करायचं, म्हणजे गेम वेगाने चालावा. तसं नको असेल तर प्रोग्रामरला वेगळा पर्याय निवडावा लागायचा. ज्याला हे माहीत नाही त्याच्या प्रोग्राममधली 'डबल' गणितं कमी अचूकतेने व्हायची.

नवं उदाहरण २०२२ चं. सबनॉर्मल आकडे काही प्रोसेसरवर खूप हळू चालतात, एकेका गणिताला शंभराहून जास्त क्लॉक सायकल लागू शकतात. म्हणून आवाजावर काम करणारी सॉफ्टवेअर मुद्दाम त्यांना शून्य धरतात. गाण्याचा प्रतिध्वनी विरत जाताना आकडे इतके लहान होतात की नाहीतर शांततेतच कॉम्प्युटर अडखळेल. तिथे ते योग्यच आहे. पण जीसीसी कंपायलरचा 'फास्ट-मॅथ' पर्याय वापरून लायब्ररी बनवली तर ती नुसती लोड होताच हीच सेटिंग अख्ख्या प्रोग्रामवर लावायची. पायथॉनच्या अनेक पॅकेजमध्ये, 'जीइव्हेंट'सारख्या लोकप्रिय पॅकेजमध्येही, हे होत असल्याचं उघड झालं. नेटवर्कचं काम करणारं पॅकेज घेतलं आणि शेजारच्या विज्ञानाच्या गणिताचे आकडे बदलले, असा प्रकार. जीसीसीच्या १३ व्या आवृत्तीत अशा लायब्ररींसाठी हे वागणं बंद केलं गेलं.

सबनॉर्मल गेल्याने एवढं काय बिघडतं? दोन आकडे वेगळे असतील तर त्यांची वजाबाकी शून्य येणार नाही, ही हमी सबनॉर्मलमुळे मिळते. ती गेली की 'दोन्ही समान नाहीत ना' असं तपासून केलेला भागाकारही शून्याने होऊ शकतो.

म्हणूनच ६४ बिटांच्या लिनक्समध्ये नियम आहे की फंक्शनने एमएक्ससीएसआरची सेटिंग बदलली तर परत जाताना ती होती तशी करून जावं. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तर फ्लोटिंग-पॉइंट शक्यतो वापरतच नाही. वापरायचंच असेल तर आधी आणि नंतर ठरलेली फंक्शन बोलावून चालू प्रोग्रामची अवस्था जपावी लागते.

थोडक्यात काय?

पायथॉनमध्ये १ भागिले ० केलं तर एरर येते. जावास्क्रिप्टमध्ये इन्फिनिटी येतं. पायथॉनच्याच 'नम्पाय' लायब्ररीत इन्फिनिटी येतं आणि सोबत इशाराही छापून येतो, कारण ती प्रोसेसरचे झेंडे वाचते. खाली चिप तीच असते. वर प्रत्येकाने आपापला निर्णय घेतलेला असतो.

दिवा लावायचा, खटका पाडायचा की दुसरा मार्ग धरायचा, याचं एकच बरोबर उत्तर नाही. ते काम काय आहे यावर ठरतं. बँकेच्या रात्रीच्या हिशोबात थांबणं बरं, उडत्या रॉकेटमध्ये नाही. एरियानच्या सात आकड्यांपैकी तीन उघडे राहिले, तेव्हा निर्णय घेतला गेला होता आणि तो एरियान ४ साठी बरोबरही होता. नव्या रॉकेटसाठी तो पुन्हा तपासून बघितला गेला नाही.